टर्बो गाडीचे स्पार्क प्लग कधी बदलायचे? शेजाऱ्याच्या अल्टोचा हिशोब लावू नका

अलिबाग (प्रतिनिधी) : पोयनाडकडून येताना कार्लेखिंडीचा चढ लागतो. गाडीत पाच माणसं, डिकीत तांदळाचं पोतं, एसी चालू. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी ओढायच्या ऐवजी हिसके देते आणि सपाटीला लागली की पुन्हा नीट चालते. गाडी टर्बो पेट्रोल असेल तर पंपवाल्याला शिव्या घालण्याआधी स्पार्क प्लग काढून बघा.

आपली गाडी टर्बो आहे का, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पेट्रोल नेक्सॉन टर्बोच आहे. व्हेन्यू आणि फ्रॉन्क्समध्ये १.० लिटरचं इंजिन टर्बो, तर १.२ चं साधं. टर्बो हा सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. सुपरचार्जर तेच काम करतो, पण तो इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. आपल्याकडे तो क्वचितच, मर्सिडीजच्या जुन्या 'कॉम्प्रेसर' लिहिलेल्या गाड्यांत वगैरे. प्लगचा नियम मात्र दोघांना एकच.

हवा दाबून भरली की सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं. त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगचं टोक रोज थोडं थोडं झिजतं आणि मधली फट, म्हणजे गॅप, वाढत जाते. साध्या गाडीत वाढलेली गॅप बरेच दिवस चालून जाते. टर्बोत नाही. म्हणून टर्बो गाड्यांची गॅप मुळातच कमी, बहुतेकांची ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास असते. चढावर जोर लागला की झिजलेल्या प्लगची ठिणगी आधी मार खाते, आणि तोच तो हिसका.

मग बदलायचे कधी? शेवटचा शब्द गाडीबरोबर आलेल्या पुस्तकाचा. ते हरवलं असेल तर माझा अंदाज असा : साधे निकेलचे प्लग (गॅरेजमध्ये यांनाच कॉपर म्हणतात) टर्बोत ३० हजार किलोमीटरच्या पुढे ओढू नयेत. इरिडियमचे ६० हजारला काढून तपासावेत. सीएनजीवर चालणारी असेल तर आणखी आधी, कारण गॅस पेटवायलाही जास्त व्होल्टेज लागतं. २०२४ मध्ये आलेल्या सीएनजी नेक्सॉनमध्ये तर टर्बो आणि गॅस दोन्ही एकत्र आहेत.

किलोमीटरचा आकडाही पूर्ण खरा बोलत नाही. शनिवार-रविवारी वडखळ ते अलिबाग रस्त्यावर गाडी तास-तासभर रांगेत उभी असते. मीटर हलत नाही, पण प्लग मात्र पेटतच असतात. पर्यटकांची भाडी मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आमच्या घरातल्या एका पोराने मुंबईहून जुनी टर्बो गाडी घेतली. मीटर ५२ हजार, सर्व्हिसचा एकही कागद नाही. हिसके सुरू झाले तेव्हा एका गॅरेजने आधी कॉइल बदलली, मग पेट्रोलचा फिल्टर. प्लग कुणी काढलेच नाहीत. शेवटी काढले तर तिन्हींची टोकं झिजून गोल झालेली. जुनी गाडी घेतली की प्लग पहिल्याच आठवड्यात काढून बघायचे, हे आम्ही पैसे मोजून शिकलो.

चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला तर वेग कमी करा आणि गाडी लवकर दाखवा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं. तो भाग जळाला तर प्लगच्या कितीतरी पट खर्च येतो.

काढलेल्या प्लगचा रंग बघा. फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर. तेलकट ओला असेल तर इंजिन किंवा टर्बो ऑइल खातंय का ते तपासा. पांढराफट्टक, फोड आलेला प्लग म्हणजे इंजिन जास्त तापतंय. तिथे नुसते प्लग बदलून भागणार नाही.

काम थंड इंजिनवरच करायचं. प्लगच्या खड्ड्यातली धूळ आधी हवेने उडवायची, मग नवा प्लग हाताने फिरवत बसवायचा आणि शेवटी पान्याने कंपनीने दिलेल्या मापाएवढाच आवळायचा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की मोठं काम निघतं. इरिडियमचं टोक तारेच्या ब्रशने घासू नका. नंबर पुस्तकात असेल तोच घ्या. साध्या इंजिनचा 'गरम' प्लग टर्बोत घातला तर पिस्टनवर येऊ शकतं. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने कॉइलच्या कनेक्टरला गंज धरतो, तोही त्याच वेळी बघून घ्यावा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचलंय का, तेही.

आणि बोलेरोवाल्यांनी, बाकी डिझेलवाल्यांनीही, यातलं काही करायचं नाही. डिझेलला स्पार्क प्लग नसतोच, हिटर प्लग असतो. बिलात स्पार्क प्लग लावला असेल तर गॅरेजवाल्याला विचारा, तो बसवला कुठे.