कोर्लईचे दीपगृह आणि नगर

नगर जिल्ह्याला समुद्र लाभलेला नाही. नगरच्या इतिहासाला मात्र तो लाभला आहे. चौल हे निजामशाहीचे बंदर होते. त्याच्या मुखाशी, रायगड जिल्ह्यातील कोर्लई येथे, आज दीपगृह आहे. ते पाहावयास गेलो तेव्हा परक्या प्रांती आल्यासारखे मला वाटले नाही.

कुंडलिका नदी समुद्राला मिळते तेथे दक्षिण तीरावरून एक खडकाळ डोंगर थेट पाण्यात शिरला आहे. त्याच्या पश्चिम पायथ्याशी दीपगृह असून मागील पायऱ्या वर किल्ल्यात जातात. वरून तीन बाजूंना पाणी आणि उत्तर तीरावर रेवदंड्याचा कोट दिसतो.

तो कोट बांधण्याची अनुमती पोर्तुगीजांना निजामशाहीनेच १५२१ साली दिली होती. पुढे वितुष्ट आले. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने घातलेला वेढा निष्फळ ठरला. १५९४ साली दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने बंदराची वाट रोखण्यासाठी या डोंगरावर तटबंदी उभारली. त्याच सप्टेंबरात पोर्तुगीजांनी ती जिंकली. १५९५ मध्ये बुऱ्हाण वारला आणि वर्षअखेरीस मोगल नगरच्या तटाला भिडले. चांदबिबीचा पराक्रम आपण मुलांना सांगतो. कोर्लईचा पराभव सहसा सांगत नाही.

१७४० मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, परंतु येथील कॅथोलिक कुटुंबे पायथ्याच्या गावात राहिली. कार्मेल मातेच्या मंदिराभोवती त्यांनी श्रद्धा जपली आणि भाषाही. पोर्तुगीज शब्द व मराठी वळण यांतून घडलेली ही बोली. ते तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. ती बोलणारे हजाराच्या आसपास आहेत. शाळेत मुले मराठी शिकतात. ही बोली घरातच, वडीलधाऱ्यांच्या तोंडून शिकावी लागते. एका पिढीने ती मुलांशी बोलणे सोडले, तर ती संपेल.

निजामशहाने तट बांधला तो गलबते अडविण्यासाठी. तो त्याच वर्षी हातचा गेला. खालचे दीपगृह येणाऱ्या प्रत्येक गलबताला वाट दाखविते; निशाण कोणाचे हे विचारीत नाही. आणि गावाची भाषा ना तटाने राखली, ना तोफांनी. ती आई-आजींनी राखली.

वाचकहो, कोर्लईला गेलात तर दीपगृह पाहून परतू नका. गावात थोडे थांबा आणि ती बोली ऐका. घरी आल्यावर आपल्या आजीजवळही बसा. दुष्काळाच्या, स्थलांतराच्या, पहिल्या शाळेच्या तिच्या आठवणी कोणी लिहून ठेवल्या आहेत काय?