हेबिअस कॉर्पसची आज्ञा आणि पुणें : इ. स. १८२८-२९ चा तंटा

इंग्लंडच्या राजानें मुंबईच्या आपल्या न्यायाधीशांस जो अधिकार दिला तो पुण्यापर्यंत चालतो कीं मुंबई बेटाच्या किनाऱ्यापाशींच संपतो, हा प्रश्न इ. स. १८२८ सालीं चवदा वर्षांच्या एका मुलावरून उपस्थित झाला. त्या मुलाचें नांव मोरो रघुनाथ. त्याचा निकाल लंडनांत लागला, आणि त्या निकालानें घातलेली मर्यादा पुढें जवळजवळ एक शतक या प्रांतांतील लोकांस बांधून राहिली. मनुष्याच्या हक्कांचा इतिहास सांगणारे ग्रंथकार रनीमीडच्या कुरणापासून आरंभ करून एकामागून एक सनदा मोजीत जातात. त्या मालिकेंत या प्रकरणास सहसा स्थान मिळत नाहीं. परंतु सनदेंत काय लिहिलें आहे यापेक्षां ती कोणास लागू आहे, हेंच हक्काचें खरें मोजमाप असल्यामुळें, त्याची हकीकत थोड्या विस्तारानें देणें आम्हांस योग्य वाटतें.

पूर्वपीठिका संक्षेपानें सांगितली पाहिजे. इ. स. १२१५ च्या जून महिन्यांत जॉन राजाकडून सरदारांनीं जी मोठी सनद घेतली, तिच्या ३९ व्या कलमांत कोणाही स्वतंत्र मनुष्यास बरोबरीच्या लोकांच्या निवाड्यावांचून अगर देशाच्या कायद्यावांचून पकडूं नये किंवा कैदेंत ठेवूं नये, असें वचन होतें. यांतील ‘स्वतंत्र’ हा शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावा. त्या काळीं इंग्लंडांतील कुळांचा फार मोठा भाग जमीनदारांचा बांधील होता व त्यांस हें वचन नव्हतें. शिवाय ती सनद पोपनें त्याच वर्षीं ऑगस्टांत रद्द ठरविली. ती पुनःपुन्हा दिली गेली म्हणून टिकली, आणि १३५४ च्या कायद्यानें ‘स्वतंत्र मनुष्य’ या शब्दांच्या जागीं कोणत्याही दर्जाचा मनुष्य असा अर्थ आला. तथापि वचन मोडल्यास दाद कशी मागावी, याचा मार्ग सनदेंत नव्हता. तो मार्ग न्यायाधीशांच्या एका जुन्या हुकुमांतून निघाला. कैद्यास कोर्टापुढें आणून त्यास कोणत्या कारणासाठीं अटकेंत ठेविलें आहे तें कळवावें, अशी आज्ञा ज्याच्या ताब्यांत कैदी असेल त्यास करावयाची. हीच हेबिअस कॉर्पसची आज्ञा होय. १६२७ सालीं पांच सरदारांनीं ती मागितली असतां राजाची खास आज्ञा एवढेंच कारण तुरुंगाधिकाऱ्यानें दिलें व न्यायाधीशांनीं त्यांस सोडलें नाहीं. दुसऱ्याच वर्षीं पार्लमेंटानें हक्कांचा अर्ज राजापुढें ठेविला तो मुख्यतः या अन्यायामुळें.

१६७९ चा कायदा मोठमोठ्या तत्त्वांची घोषणा करीत नाहीं. तो दिवस, मैल आणि दंड यांविषयीं बोलतो, व त्यांतच त्याची ताकद आहे. कैदी वीस मैलांच्या आंत असेल तर तीन दिवसांत हजर करावा, शंभर मैलांच्या आंत असेल तर दहा दिवसांत, त्याहून दूर असेल तर वीस दिवसांत. तुरुंगाधिकाऱ्यानें हयगय केली तर पहिल्या वेळीं शंभर पौंड दंड, दुसऱ्या वेळीं दोनशें पौंड व नोकरीस मुकणें. सुटीच्या दिवसांत न्यायाधीशानेंच आज्ञा देण्याचें नाकारलें तर त्यास पांचशें पौंड. कैद्यास समुद्रापार पाठवून कोर्टाच्या हातांतून काढण्याची युक्तिही या कायद्यानें बंद केली. हा कायदा गुन्ह्याच्या आरोपावरून झालेल्या कैदेपुरता होता. खाजगी माणसानें कोणास अडकवून ठेविलें तर जुनी आज्ञाच उपयोगीं पडे, व तशा प्रसंगीं जबाबाचा खरेंखोटेपणा तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांस १८१६ च्या कायद्यानें दिला.

हिंदुस्थानांत ही आज्ञा राजाच्या कोर्टांबरोबर आली. १७७३ च्या कायद्यान्वयें कलकत्त्यास सुप्रीम कोर्ट स्थापन झालें व लंडनच्या किंग्स बेंच कोर्टाच्या न्यायाधीशांसारखा अधिकार तेथील न्यायाधीशांस मिळाला. काशीजोडाच्या जमीनदारावर त्यांनीं हुकूम काढला तेव्हां गव्हर्नर जनरलनें फौज पाठवून कोर्टाचीच माणसें पकडविलीं. १७८१ त पार्लमेंटास त्या कोर्टाचे हात आंखडावे लागले. म्हणजे पुढें मुंबईस जें घडलें त्याची रंगीत तालीम बंगाल्यांत आधींच होऊन गेली होती. मुंबईचें सुप्रीम कोर्ट ८ डिसेंबर १८२३ च्या राजपत्रानें निर्माण झालें व १८२४ च्या मे महिन्यांत त्याचें काम सुरू झालें. या राजपत्रांतही किंग्स बेंचच्या अधिकाराचे शब्द होते. मात्र दिवाणी व फौजदारी काम चालविण्याची हद्द मुंबई शहर व बेट, आणि बाहेर राहणारे ब्रिटिश लोक व कंपनीचे नोकर, एवढीच होती.

बेटाबाहेर कंपनीच्या अदालती होत्या. पेशव्यांचा मुलूख १८१८ त हातीं आल्यावर एल्फिन्स्टनसाहेबांनीं तेथील व्यवस्था जुन्या वळणानें चालविली, आणि १८२७ त कायद्यांचा जो संग्रह तयार झाला तो या अदालतींचा पाया ठरला. दक्षिणेंतील सरदारांचा मान राखण्यासाठीं त्यांचे दावे पाहण्यास निराळा एजंट होता. अशा रीतीनें एकाच प्रांतांत दोन न्यायसत्ता नांदत होत्या. एक राजाची, बेटावर. दुसरी कंपनीची, बेटाबाहेर. पहिलीचे न्यायाधीश आपणांस गव्हर्नराचे ताबेदार समजत नसत, आणि गव्हर्नरास तें मनापासून खपत नसे.

मोरो रघुनाथ हा पुण्यास आपले चुलत आजोबा पांडुरंग रामचंद्र या प्रतिष्ठित गृहस्थांजवळ राहत असे. त्यास बेकायदेशीर अडकवून ठेविलें आहे, अशी प्रतिज्ञापत्रावर तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढें आली, व मुलास हजर करावें अशी आज्ञा पांडुरंगरावांवर निघाली. याच सुमारास ठाण्याच्या तुरुंगांत कंपनीच्या अदालतीच्या शिक्षेखालीं असलेल्या बापू गणेश नांवाच्या कैद्याविषयीं दुसरी आज्ञा तेथील तुरुंगाधिकाऱ्यावर गेली. त्यानें जबाब दिला. पण ज्या अदालतीनें शिक्षा केली तिचा अधिकार त्यांत नीट दाखविला नाहीं म्हणून कोर्टानें तो अपुरा ठरविला. दोन्ही प्रकरणें पाहतां पहिलें अधिक नाजूक होतें. तेथें प्रश्न सरकारी तुरुंगाचा नव्हता, पुण्याच्या एका घराचा होता.

गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं ३ ऑक्टोबर १८२८ रोजीं आपल्या कौन्सिलासह न्यायाधीशांस एक पत्र लिहिलें. प्रांतिक अदालतींच्या अधिकाऱ्यांवर किंवा मुंबई बेटांत न राहणाऱ्या एतद्देशीय प्रजाजनांवर निघालेल्या अशा आज्ञांस जबाब देऊं नये असें आम्हीं ठरविलें आहे, वरिष्ठांचा निकाल येईपर्यंत आपणही थांबावें, असा त्याचा मतलब. न्यायाधीशांस हा आपल्या कामांतील हस्तक्षेप वाटला व त्यांनीं तो भर कोर्टांत बोलून दाखविला. त्या वेळीं बाकावर दोघेच होते. मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट ऑगस्टांत वारले होते. सर चार्ल्स चेंबर्स हेही १३ ऑक्टोबरास वारले. राहिले एकटे सर जॉन पीटर ग्रांट. स्कॉटलंडचे हे गृहस्थ माघार घेणाऱ्यांपैकीं नव्हते. त्यांनीं पुण्याकडे पुन्हा आज्ञा धाडल्या, सरकारनें त्या बजावण्यास साहाय्य केलें नाहीं, आणि १ एप्रिल १८२९ रोजीं, कोर्टाची आज्ञा चालत नसेल तर कोर्टच चालणार नाहीं, अशा निर्धारानें ग्रांटसाहेबांनीं कोर्टाचें सर्व काम बंद केलें. बेटावरील सावकार, व्यापारी व कैदी यांचा या तंट्याशीं कांहीं संबंध नसतां त्यांचा खोळंबा झाला, हें मात्र न्यायाधीशांच्या पदरीं घालावेंच लागेल.

दोन्ही पक्षांचें म्हणणें पोकळ नव्हतें. १८१३ च्या कायद्यानें कंपनीच्या मुलखावर राजाचें सार्वभौमत्व स्पष्ट केलें होतें. तर मग पुण्याचा रहिवासी राजाचा प्रजाजन ठरतो, आणि किंग्स बेंचची आज्ञा राजाच्या प्रजाजनासाठीं सर्वत्र जाते. तो अधिकार मुंबईच्या कोर्टास दिलेलाच आहे, असा ग्रांट यांचा युक्तिवाद. उलट बाजूनें असें कीं, ज्या मनुष्याचा दावा ऐकण्याचा कोर्टास अधिकार नाहीं त्यास तें हुकूम कसा करणार? माल्कमसाहेबांच्या मनांत याखेरीज एक राजकीय भय होतें. पेशवाई जाऊन दहाच वर्षें झालीं होतीं. सरकारचा हुकूम एक आणि कोर्टाचा दुसरा असें दक्षिणेंतील सरदारांस दिसलें तर दरारा राहणार नाहीं, असें त्यांस वाटे. प्रस्तुत लेखकाच्या मतें कायद्याच्या अक्षरांत ग्रांट यांची बाजू दुबळी होती. परंतु राजाचें राज्य पुण्यावर आहे व राजाच्या प्रजेचें संरक्षण मात्र पुण्यास नाहीं, या विसंगतीचें उत्तर माल्कमसाहेबांजवळ नव्हतें.

ग्रांट यांच्या अर्जावर प्रिव्ही कौन्सिलानें १४ मे १८२९ रोजीं मत दिलें. तारखांकडे पाहिलें म्हणजे लक्षांत येतें कीं, केपला वळसा घालून येणाऱ्या जहाजांच्या त्या काळीं कोर्ट बंद पडल्याची वार्ता लंडनास पोंचण्यापूर्वींच हा निकाल झाला. दोन्ही आज्ञा अयोग्य ठरल्या. आज्ञा जावयाची ती कोर्टाच्या स्थानिक हद्दींत राहणाऱ्यावर, किंवा बाहेर राहूनही व्यक्तिशः त्याच्या अधिकाराखालीं असणाऱ्यावरच. कंपनीच्या अदालतीच्या तुरुंगाधिकाऱ्यावर त्या नात्यानें आज्ञा काढतां येत नाहीं. आणि त्या अदालतींचा अधिकार जबाबांत लिहिलेला नसला तरी सुप्रीम कोर्टानें तो जाणून घेतला पाहिजे. मोरो रघुनाथाचें पुण्यास खरोखर कसें चाललें होतें, याविषयीं निकालांत अक्षर नाहीं. हद्दीचा प्रश्न सुटतांच मुलाचा प्रश्न कोर्टाच्या दृष्टीनें उरलाच नाहीं.

लंडनच्या राज्यकर्त्यांची वृत्ति केवळ कायद्याची नव्हती, हेंही नमूद केलें पाहिजे. हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो यांनीं माल्कम यांस खाजगी पत्र लिहून नवे मुख्य न्यायाधीश ड्यूअर व दुसरे न्यायाधीश सेमूर यांच्या नेमणुकांविषयीं कळविलें, व या दोघांमध्यें ग्रांट म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्यें चालविलेला रानहत्ती होईल, अशी थट्टा केली. हें पत्र पुढें फुटलें आणि बरीच चर्चा झाली. ग्रांट मुंबई सोडून गेले व पुढें कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टावर नेमले गेले. असो.

निकालाचे परिणाम दूरवर गेले. १८६२ त सुप्रीम कोर्ट व सदर अदालती एकत्र होऊन मुंबईचें हायकोर्ट झालें, तरी हद्दीची ती रेषा पुसली गेली नाहीं. १८८२ च्या व १८९८ च्या फौजदारी कामाच्या कायद्यांनीं अशा आज्ञा देण्याचा अधिकार इलाख्याच्या मुख्य शहरापुरताच ठेविला. युरोपियन ब्रिटिश प्रजेची सोय निराळी होती. दुसरीकडे १८२७ च्या त्याच संग्रहांतील २५ वें रेग्युलेशन सरकारास चौकशीवांचून राजकीय कैदी ठेवूं देत असे. १८९७ त रँड यांच्या खुनानंतर पुण्याचे नातू बंधु या रेग्युलेशनाखालीं पकडले गेले व खटल्यावांचून १८९९ पर्यंत अडकून राहिले. एल्फिन्स्टनसाहेबांस पेशवाईच्या अखेरीस ज्या नातू नांवाच्या माणसाचें मोठें साहाय्य झालें, त्या नांवाच्याच सरदारांवर एल्फिन्स्टनच्या संग्रहांतील कलम चाललें. १९२३ च्या दुरुस्तीनें मात्र ४९१ व्या कलमाचा अधिकार हायकोर्टाच्या सबंध फौजदारी अपिलाच्या मुलखावर पसरला. पांडुरंगरावांवर निघालेली आज्ञा ज्या पुण्यांत चालली नव्हती, त्या पुण्यांत ती चौऱ्याण्णव वर्षांनंतर चालूं लागली.

हद्द गेली तरी कायदा करणाऱ्याचा हात राहिलाच. महायुद्धांत मुंबईचे केशव तळपदे यांस हिंदुस्थान-संरक्षण नियमांतील २६ व्या नियमाखालीं स्थानबद्ध केलें होतें. एप्रिल १९४३ मध्यें फेडरल कोर्टानें, सर मॉरिस ग्वायर मुख्य न्यायाधीश असतां, तो नियम मूळ कायद्याच्या मर्यादेबाहेरचा म्हणून निरर्थक ठरविला. सरकारनें त्याच महिन्यांत वटहुकूम काढून मूळ कायदाच मागील तारखेपासून दुरुस्त केला.

२६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेनें ही आज्ञा साध्या कायद्याच्या आश्रयावर ठेविली नाहीं. ३२ व्या कलमानें ती सर्वोच्च न्यायालयाकडून मागण्याचा हक्क दिला, व २२६ व्या कलमानें प्रत्येक उच्च न्यायालयाची आज्ञा त्याच्या सर्व प्रदेशांत आणि खुद्द सरकारवरही चालेल असें ठरविलें. तरीही १९७५ च्या आणीबाणींत राष्ट्रपतींच्या हुकुमानें दाद मागण्याचा मार्ग थांबविला गेला, आणि २८ एप्रिल १९७६ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांचांपैकीं चार न्यायाधीशांनीं तें मान्य केलें. त्या चौघांत पुण्यांत जन्मलेले यशवंत विष्णु चंद्रचूड हे एक होते. विरुद्ध मत एकट्या हंसराज खन्ना यांचें. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनें जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणींतही स्थगित करतां येणार नाहीं असें ठरलें. १९७६ चा निकाल मात्र ऑगस्ट २०१७ पर्यंत पुस्तकांत उभा होता. नऊ न्यायाधीशांच्या पीठानें तो रद्द ठरविला तेव्हां चंद्रचूड यांचे चिरंजीव धनंजय त्या पीठावर होते, आणि वडिलांचें तें मत सदोष असल्याचें त्यांनीं स्वतःच लिहिलें.