बदलता काळ आणि पीडित माणूस : प्रस्तावना

गुन्ह्याची बातमी वाचताना आपले लक्ष गुन्हेगाराकडे जाते. ज्याने तो सोसला त्याच्या वाट्याला येते हळहळ, किंवा ‘एवढं कसं कळलं नाही?’ हा प्रश्न. पीडितशास्त्र याच माणसाकडे आस्थेने पाहते. १९७३ साली जेरुसलेमला पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवणारे हे शास्त्र तरुण आहे. सुरुवातीच्या अभ्यासकांनी गुन्ह्यात पीडिताचा वाटा किती, हेही मोजू पाहिले. ती वाट मागे पडली हे चांगलेच झाले.

तिच्यापेक्षा समंजस वाट १९७९ मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी दाखवली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुबत्ता वाढली, तरी घरफोड्याही वाढल्या. असे का व्हावे? स्त्रिया नोकरीला लागल्या, घरे दिवसा रिकामी राहू लागली. वस्तूही हलक्या झाल्या. सीअर्स या अमेरिकी दुकानसाखळीच्या कॅटलॉगमधला सर्वांत हलका टीव्ही १९६० मध्ये ३८ पौंडांचा होता, १९७० मध्ये १५ पौंडांचा. संधी शोधणारा चोर, हाती लागणारी वस्तू आणि राखणदाराची अनुपस्थिती हे तिन्ही एकत्र आले की गुन्हा घडतो, असे त्यांनी मांडले. चोर अधिक दुष्ट झाले, असे मानण्याची त्यांना गरज पडली नाही.

आता आपल्याकडचा ‘डिजिटल अरेस्ट’ पाहा. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला तोतया पोलीस, खोटे वॉरंट, ‘कोणाला सांगायचं नाही’ अशी दमदाटी. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही, तरीही पुण्या-मुंबईतले सुशिक्षित निवृत्त लोक आयुष्यभराची पुंजी गमावतात. त्यांत मुले परदेशी असलेली, एकटी राहणारी माणसेही असतात. पूर्वी मोठी रक्कम हलवायला बँकेत जावे लागे आणि ओळखीचा कारकून सहज विचारी, ‘काका, एवढे पैसे कशाला?’ तो प्रश्न म्हणजे राखणच होती. डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस, म्हणजे मोठी रक्कम एका बँकेतून दुसऱ्या बँकेत तत्काळ पाठवण्याची व्यवस्था, अहोरात्र चालू आहे. ही सोय मोलाची आहे. पण घरबसल्या व्यवहार करताना तो प्रश्न विचारणारे कोणी उरले नाही.

म्हणून वाचकांनी या विषयात शिरताना पीडिताच्या भोळेपणाचा शोध घेऊ नये. तुम्ही एखादी घटना वाचाल तेव्हा आधी पाहा: त्याचा दिवस कसा बदलला होता, त्याच्या हाती नवे काय आले होते, आणि त्याला थांबवू शकेल असे कोण जवळ उरले नव्हते. कायद्याची कलमे त्यानंतर वाचावीत.