गेईशा आणि अर्धं रत्न

जपानी 'गेईशा' या शब्दात 'गेई' म्हणजे कला आणि 'शा' म्हणजे व्यक्ती. सरळ मराठीत, कलावंत. त्यात बाई कुठेच नाही. गंमत अशी, की पहिले गेईशा पुरुषच होते. मैफलीत ढोलकी वाजवायचे, विनोद सांगून पाहुण्यांना हसवायचे. अठराव्या शतकाच्या मध्यावर बायका या धंद्यात आल्या आणि काही दशकांत शब्द त्यांचाच होऊन गेला.

त्यापूर्वीही नावं होतीच. बाराव्या शतकात पुरुषी वेश करून, उंच टोपी घालून, कमरेला तलवार लावून नाचणारी ती 'शिराब्योशी'. शिझुका ही त्यांतलीच. तिचा प्रियकर योशित्सुने भावाच्या, योरितोमोच्या धाकानं परागंदा झालेला. ११८६ साली कामाकुराच्या देवळात त्याच योरितोमोपुढे तिला नाचायला लावलं, तेव्हा तिनं गायिलं ते योशित्सुनेच्या विरहाचं गाणं! जुन्या इतिवृत्तात हा प्रसंग नोंदलेला आहे.

एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, योशिवारा वस्तीत देहविक्रय करणारी 'युजो'; शब्दशः, खेळाची बाई. त्यांतली मानाची आधी 'ताय्यू', पुढे 'ओइरान'. तीही सुशिक्षित, पण करारानं विकलेली. गेईशांची नोंदणी १७७९ साली तिथं सुरू झाली आणि त्यांनी ओइरानचं गिऱ्हाईक घ्यायचं नाही असं ठरलं. नियम नीतीसाठी नव्हता, कुंटणखान्याच्या मालकांच्या गल्ल्यासाठी होता! ओळखायची खूण सोपी: ओइरानच्या कमरपट्ट्याची गाठ पुढे, गेईशाची मागे.

शब्द निर्मळ म्हणून जगणं निर्मळ, असं मात्र नव्हे. गरीब आईबाप पैसे घेऊन पोरी गेईशांच्या घरात देत, आणि ते कर्ज फेडण्यात पोरींची उमेद जाई. बैठकीचा वेळ उदबत्त्या जाळून मोजत. टोकियोतल्या शिकाऊ मुलीला 'हान्ग्योकू', म्हणजे अर्धं रत्न म्हणत, कारण तिचा मोबदला निम्मा.

१९४५ नंतर अमेरिकन सैनिकांनी किमोनोतल्या कुठल्याही बाईला 'गेईशा गर्ल' केलं, आणि जगानं तोच अर्थ उचलला. १९५६च्या कायद्यानं, जो १९५८पासून पुरता लागू झाला, वेश्यावस्त्या बंद पडल्या. ओइरान आता मिरवणुकीत सोंग म्हणून दिसते. गेईशा टिकल्या.

क्योतोत त्यांना 'गेईको' म्हणतात आणि शिकाऊ मुलीला 'माईको', नाचरी पोर. ती साधारण विशीत गेईको होते, तेव्हा तिच्या गळ्याशी असलेली लाल कॉलर काढून पांढरी लावतात. त्या विधीचं नाव 'एरिकाए', म्हणजे कॉलर बदलणं.