पालकांचे संमतीपत्र : मुलींच्या फुटबॉलच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात एक कागद असतो. त्याला कोणी साहित्य म्हणणार नाही, आणि इतिहासाचे साधन म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिल्याचे निदान प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही. आंतरमहाविद्यालयीन वा आंतरविद्यापीठ स्पर्धेला संघ निघण्याआधी प्रत्येक खेळाडूकडून तो भरून घेतला जातो. मजकूर ठरलेला : 'माझी पाल्य अमुक अमुक ही सदर स्पर्धेत भाग घेण्यास माझी हरकत नाही. प्रवासात अथवा खेळताना काही इजा झाल्यास त्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही.' खाली पालकाची सही.

या दोन वाक्यांचा बाज पाहण्यासारखा आहे. पहिले वाक्य नकाराचा नकार आहे. 'मुलीने खेळावे अशी माझी इच्छा आहे' असे ते म्हणत नाही. 'हरकत नाही' एवढेच म्हणते. पालकाची मूळ भूमिका हरकतीची असणार आणि ती त्याने तूर्तास मागे घेतली आहे, हे गृहीत धरूनच मसुदा झालेला आहे. दुसऱ्या वाक्यात संस्था अंग काढून घेते. खेळणारी मुलगी या दोन वाक्यांच्या मध्ये 'पाल्य' म्हणून उभी असते. म्हणजे पाळली जाणारी. एकोणीस-वीस वर्षांची, मतदानाचा हक्क असलेली मुलगी तेवढ्यापुरती पुन्हा अज्ञान होते. मुलांच्या संघाकडूनही हाच कागद भरून घेतात, हे मान्य. पण त्यांच्या बाबतीत तो उपचार असतो. बहुतेक मुले वडिलांची सही स्वतःच ठोकून देतात, आणि क्रीडाशिक्षकही ते जाणून असतात. मुलींच्या कागदावरची सही मात्र बहुधा खरी असते, आणि ती मिळवायला कधी आठवडा लागतो.

मुलींच्या फुटबॉलचा इतिहास आजवर संघटनांचा, स्पर्धांचा आणि फार तर खेळाडूंचा म्हणून लिहिला गेला. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या, किंवा उभ्याच न राहिलेल्या, आईबापांच्या बाजूने तो वाचला तर चित्र बरेच बदलते.

माजरीसारख्या गावात राहून हा विचार करताना एक गोष्ट वारंवार आठवते : मुलींच्या फुटबॉलचा आणि कोळशाचा संबंध जुना आहे. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा इंग्लंडातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत मुली कामाला लागल्या आणि जेवणाच्या सुट्टीत चेंडू खेळू लागल्या. ईशान्य इंग्लंडातले ब्लाइथ हे कोळसा चढवण्याचे बंदर. तिथल्या ब्लाइथ स्पार्टन्सच्या मुलींनी १९१८ मध्ये दारूगोळा कामगार स्त्रियांचा चषक जिंकला. त्यांची हुकमी खेळाडू बेला रे ही खाणकामगाराची मुलगी. प्रेस्टनच्या डिक, केर कंपनीतल्या मुलींचा संघ तर इतका गाजला की २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला ५३,००० लोक जमले.

पुढे १९२१ च्या वसंतात खाणमालकांनी टाळेबंदी केली. सुमारे तीन महिने खाणकामगारांच्या घरात मजुरी येईना. तेव्हा कोळसापट्ट्यातल्या कुटुंबांसाठी मदतनिधी उभारायला मुलींचे संघ ठिकठिकाणी खेळले. त्याच वर्षी ५ डिसेंबरला इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना मुळीच योग्य नाही, आणि संलग्न क्लबांनी आपली मैदाने त्यांना देऊ नयेत. निधीच्या हिशोबाबद्दलच्या तक्रारी हे ठरावातले दुसरे कारण होते. काही अभ्यासक असे सुचवतात की धर्मादायापासून कामगारांच्या लढ्यापर्यंत पोहोचलेला हा पैसा मंडळींना खुपला. ते पूर्णपणे सिद्ध करता येईल असे नाही. पण तारखांचा क्रम बोलका आहे. बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. ब्राझीलने १९४१ मध्ये आणि पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये हाच मार्ग धरला.

इथे एक अवांतर. आपल्याकडच्या १९५२ च्या खाण कायद्याच्या कलम ४६ ने स्त्रियांना भूमिगत कामाची मनाई केली आणि जमिनीवरचे कामही सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेपुरते मर्यादित केले. भूमिगत कामाची वाट २०१९ मध्ये उघडली, तीही तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या पदांपुरती. म्हणजे कोळशाच्या वसाहतीत वाढलेल्या मुलीच्या दृष्टीने बापाचे कामाचे ठिकाण तिला बंद आणि संध्याकाळनंतरचे मैदानही बंद. दोन्ही मनाया 'संरक्षण' याच शब्दात मांडल्या गेल्या. पैकी पहिलीमागे कामगार चळवळीचा खरा कळवळा होता, हे विसरून चालणार नाही. दुसरीमागे काय होते ते प्रत्येक घराला ठाऊक आहे.

भारतात मुलींच्या फुटबॉलला स्वतंत्र संघटना मिळाली ती १९७५ मध्ये. त्याच सुमारास, १९७३ मध्ये, महिला क्रिकेटची संघटना लखनौला नोंदली गेली होती आणि तिची पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात भरली होती. या दोन्ही संघटना पुरुषांच्या मंडळांबाहेर, जवळजवळ वर्गणी काढून चालत. तरीही कालिकतला १९८० च्या आरंभी झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताने दोन संघ उतरवले आणि त्यांपैकी एक अंतिम सामन्यात पोहोचून उपविजेता ठरला. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेतेपद आले. बंगालच्या शांती मलिक यांना त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलमधल्या त्या पहिल्या महिला मानकरी. आपल्या शेजारच्या गोव्याच्या योलांडा डिसोझा याच पिढीतल्या. एवढे यश असताना पुढचे दशक ओस का गेले? १९९० च्या दशकाच्या आरंभी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने मुलींचा खेळ आपल्या छत्राखाली घेतला, आणि मग राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे मणिपूर, असे समीकरणच झाले.

मणिपूरच का, याचे उत्तर देताना लोक शरीरयष्टीवर बोलतात. ते आळशी उत्तर आहे. तिथे इमा कैथेल हा केवळ बायकांनी चालवलेला बाजार आहे, बायकांच्या उठावांची परंपरा आहे. बाईने उघड्यावर, लोकांच्या नजरेसमोर असणे ही तिथे नवलाची बाब नाही. आणि तरीही ओइनाम बेंबेम देवी, ज्यांना पुढे २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, लहानपणी मुलांच्या संघात मुलाचे नाव सांगून खेळत आणि घरच्यांचा सुरुवातीला विरोध होता, हे त्यांनी मुलाखतींतून सांगितलेले आहे. म्हणजे मणिपुरातसुद्धा 'हरकत नाही' हे वाक्य आयते मिळत नव्हते.

महाराष्ट्रात या बाबतीत पालक म्हणून ठळक दिसते ते नाव फुटबॉलमधले नाही, बुद्धिबळातले आहे. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर हे नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे नातू. त्यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन मुलींनी १९७४ पासून सुमारे दहा वर्षे महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद आपसात वाटून घेतले. रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी स्त्रियांना अशी बंदी करता येणार नाही असा निर्णय दिला. पण बुद्धिबळ घरात बसून खेळता येते. त्यात अर्धी चड्डी नाही, चिखल नाही, एसटी वा रेल्वेचा रात्रीचा प्रवास नाही. संपादकाच्या घरातल्या मुलींची गोष्ट खाणवसाहतीतल्या मुलीला जशीच्या तशी लागू करणे हा तिच्यावर अन्याय होईल.

अमेरिकेत हे सगळे एका कायद्याने उलटले. १९७२ च्या शिक्षणविषयक सुधारणांतील 'टायटल नाइन' या कलमाने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेद निषिद्ध ठरवला. त्यात खेळाचा शब्दही नव्हता; पण अर्थ लावता लावता महाविद्यालयांना मुलींचे संघ काढावे लागले. १९८२ मध्ये मुलींच्या महाविद्यालयीन फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने ती पहिल्याच वर्षी जिंकून २०२४ पर्यंत एकूण बावीस वेळा खिशात घातली. एका संघामागे चौदा पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम देता येई. २०२५ पासून ती मर्यादा जाऊन खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली. या चौदा शिष्यवृत्त्यांनी पालकाचे रूपांतर केले. तो परवानगी देणारा राहिला नाही. तो मागोमाग फिरणारा, गाडी चालवणारा, क्रमवाऱ्या तोंडपाठ असणारा झाला. १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत 'सॉकर मॉम' हा मतदारांचा एक वर्ग म्हणून मोजला गेला, यावरून या रूपांतराची व्याप्ती कळावी. तिकडच्या मराठी कुटुंबांतही शनिवारी सकाळी मुलीला मैदानावर पोहोचवणे हे आता स्नेहसंमेलनाइतकेच नेमाचे झाले आहे.

'बेंड इट लाइक बेकहॅम' हा २००२ चा चित्रपट विद्यार्थ्यांना दाखवला की ते जेसच्या आईवर हसतात. परंतु कथेची खरी कळ वडिलांकडे आहे. क्रिकेटच्या क्लबात वर्णामुळे अपमान झाल्याने ते मुलीला खेळापासून दूर ठेवू पाहतात. त्यांची हरकत मुलीच्या बाईपणाइतकीच स्वतःच्या जखमेतून आलेली आहे. आणि सुटका कशी होते? कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीने. म्हणजे लंडनच्या पंजाबी घरातला पेच सोडवायला अमेरिकेतला एक कायदा लागला! नागराज मंजुळे यांचा 'झुंड' (२०२२) त्या मानाने आपल्या जवळचा. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास नागपुरात उभे केलेले झोपडपट्टी फुटबॉलचे काम त्यामागे आहे. त्याही चित्रपटात सर्वांत अस्सल भाग खेळाचा नसून कागदपत्रांचा आहे : पारपत्रासाठी ओळखीचा पुरावा मिळवता मिळवता जीव मेटाकुटीला येतो. त्या प्रसंगांत एका मुलीचा बाप तिच्याबरोबर दारोदार फिरतो, ते पाहताना आमचे संमतीपत्र आठवल्याशिवाय राहिले नाही.

आता चंद्रपूर-गडचिरोलीकडे. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले त्याआधी इथली सर्व महाविद्यालये नागपूर विद्यापीठात होती. वरोरा, भद्रावती किंवा अहेरीच्या मुलीला विद्यापीठाच्या संघात यायचे तर निवड चाचणीला नागपूर गाठणे आणि तिथल्या सरावलेल्या मुलींना मागे सारणे आले. नवे विद्यापीठ स्थापन होताना भाषणे झाली ती अभ्यासक्रमांची आणि आदिवासी विकासाची. पण त्याचा एक परिणाम असा झाला की दीड-दोन डझन जागांचा एक विद्यापीठ संघ याच दोन जिल्ह्यांतून भरणे भाग पडले. संघ कितपत बलवान असतो हा प्रश्न वेगळा. पश्चिम विभागाच्या स्पर्धेत मुरलेल्या विद्यापीठांशी गाठ पडते तेव्हा गोलफलक पाहवत नाही, हे आमच्या मुलीच्या संघामागे दोन वर्षे फिरून पाहिलेले आहे. तरी अंगावर विद्यापीठाचे नाव असलेली जर्सी घातलेली मुलगी माजरी जंक्शनवर उतरते तेव्हा फलाटावरचे लोक वळून पाहतात, आणि चहावाला निकाल विचारतो.

हे मागोमाग फिरणे अमेरिकन पालकाच्या फिरण्यासारखे नाही. सामन्यांची वेळ आदल्या रात्री कळते. प्रेक्षकांत बहुधा दुसऱ्या संघांच्या राखीव मुली असतात. पालक आलाच तर सगळे त्याच्याकडे 'काय तक्रार आहे?' अशा नजरेने पाहतात. पहिल्या वर्षी आम्हाला दोघांनी तसे विचारलेही. आणि गावात परतल्यावर वेगळाच प्रश्न : 'सर, किती दिवस खेळवणार?' महाविद्यालयाची तीन वर्षे म्हणजे बारावी आणि लग्न यांच्यामधली सवलत, ही समजूत या प्रश्नात दडलेली असते. त्यामुळे आपल्याकडे मुलींच्या खेळाचा इतिहास हा बराचसा महाविद्यालयाचा इतिहास होतो. त्याआधी शाळेचे मैदान बहुधा मुलांचे, आणि त्यानंतर मैदानच नाही. क्रीडाकोट्यातल्या नोकरीची आशा हे 'हरकत नाही'मागचे आणखी एक कारण. ते व्यवहारी आहे म्हणून कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही. प्रेस्टनच्या मुलीही कारखान्यातल्या पगाराच्या बळावरच मैदानात उतरल्या होत्या.

महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल चषकाला अलीकडे राजमाता जिजाबाईंचे नाव देण्यात आले आहे. मराठी मनाला हे सुखावते. पण जिजाऊंची जी प्रतिमा आपल्या पाठ्यपुस्तकांनी घडवली ती मुलाला घडवणाऱ्या आईची आहे, मुलीला मैदानावर सोडणाऱ्या आईची नव्हे. कदाचित नाव देणाऱ्यांनी नकळत तो अर्थ वाढवला असेल. २०२५ मध्ये या चषकाची अंतिम फेरी छत्तीसगडच्या नारायणपूरला झाली. हा जिल्हा गडचिरोलीला लागून आहे. तिथेही मणिपूरच जिंकले. भामरागडच्या पलीकडच्या जंगलात देशातल्या उत्तम मुली खेळत होत्या, आणि आमच्या भागातल्या वर्तमानपत्रांत त्याच्या वाट्याला दोन परिच्छेद आले.

संमतीपत्रावर 'पालकाची सही' या शब्दांखाली पूर्वी कंसात 'वडील' असे छापलेले असे. एका महाविद्यालयाच्या जुन्या गठ्ठ्यात चाळताना दिसले की काही मुलींनी तो शब्द पेनने खोडून 'आई' असे लिहिले आहे, आणि खाली मोठ्या, सवय नसलेल्या अक्षरांत सही आहे. दोन-तीन ठिकाणी अंगठा. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव अनिवार्य केले, त्याच्या कितीतरी आधीचे हे कागद. असे गठ्ठे काही वर्षांनी रद्दीत जातात, कारण नियमाने ते जपण्याची गरज नसते. वाचकांपैकी जे महाविद्यालयांत आहेत त्यांनी आपल्या क्रीडा विभागात एकदा विचारून पाहावे. कपाट बहुधा जिन्याखाली असते आणि किल्ली शिपायाकडे.