बी, रान आणि राखणदार

मावशीच्या स्तनाचा कर्करोग यकृतात उतरला. ‘तिथेच का?’ हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. लंडनच्या स्टीफन पॅजेट या शल्यविशारदालाही तो पडला होता. या रोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवचिकित्सेच्या नोंदी चाळून १८८९ साली त्याने मांडले, की बी चहूकडे उडते, पण रुजते मानवेल त्याच जमिनीत. आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको!

राखणदार मात्र त्याच्या हिशेबात नव्हते. स्तनाच्या मूळ गाठीत रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी जितक्या जमतात, तितक्या दूरच्या गाठीत पुष्कळदा नसतात. यकृतात तर फारच थोड्या. त्यांना चेतवणारे औषध द्यावे की नाही हे ठरवताना पाहतात ते पीडी-एल-१ प्रथिनही तिथे बहुधा कमीच. म्हणून डॉक्टरांनी जुन्या अहवालावर न विसंबता यकृताचा तुकडा तपासायला मागितला.

“पुन्हा सुई?” मावशी म्हणाली. मी तिला पॅजेटचे शेत सांगू लागलो.