संध्याकाळी पडणारी पापणी

आजची गोष्ट माझ्या आत्यापासून सुरू होते. सकाळी तिचे डोळे छान टपोरे, आणि दिवेलागणीला डावी पापणी अर्ध्यावर. आम्ही म्हणायचो, "आत्या, झोप आलीय तुला, आडवी हो." ती म्हणायची, "झोप नाही रे, पापणीच उचलत नाही." दोन वर्षं आम्ही ते हसण्यावारी नेलं. मग निदान झालं: मायस्थेनिया ग्रेव्हिस. वापरला की स्नायू दमतो, विश्रांती दिली की थोडा सावरतो. त्यात पापणी बऱ्याचदा सगळ्यात आधी पडते.

या आजारानं डॉक्टरांनाही चकवलं होतं. १८७७ मध्ये लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी अशा एका रुग्णाचं शवविच्छेदन केलं, तर मेंदूत दोष सापडेना!

मग आलं १९३४. ग्रिनिचच्या सेंट आल्फेज हॉस्पिटलमध्ये डॉ. मेरी वॉकर काम करायच्या. त्यांच्या लक्षात आलं, की हे तर क्युरारेच्या विषबाधेसारखं दिसतं. क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेत बाणांना लावायचं विष. मग त्याचा उतारा इथे का चालू नये? तो उतारा म्हणजे फायसोस्टिग्मिन, पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबारच्या बीमधला. गंमत बघा, तीच बी तिकडे आरोपीला खायला घालून 'दिव्य' करायला लावायचे. वॉकरबाईंनी इंजेक्शन दिलं आणि पडलेली पापणी वर गेली! काही तासांत परिणाम ओसरला, पण कोडं सुटायला लागलं. दोष मेंदूत नव्हता, नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथे होता. नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नव्हता.

पुढे १९७३ मध्ये सशांवरच्या प्रयोगात दिसलं, की शरीराची प्रतिकारशक्तीच ही जागा बिघडवू शकते. म्हणून आज निरोप टिकवणाऱ्या गोळ्यांसोबत गरजेनुसार प्रतिकारशक्ती आवरणारी औषधंही देतात.

पण प्रत्येक पडलेली पापणी अशी नसते हं. वयानं पापणी उचलणाऱ्या स्नायूची पकड सैल झाली, तर छोटं ऑपरेशन करून ती घट्ट करतात. बाळाची पापणी जन्मतः बुबुळावर आली असेल, तर वेळेत दाखवायलाच हवं, नाहीतर त्या डोळ्याची नजर तयार होत नाही. आणि पापणी अचानक पडली, सोबत डोकं दुखतंय किंवा एकाचे दोन दिसताहेत, तर थेट हॉस्पिटल गाठा.

आत्या आता गोळी घेऊन रात्रीची मालिका शेवटपर्यंत बघते. मला मात्र ती दोन वर्षं टोचतात. तेव्हा घरात कुणाला 'झोपाळू' म्हणण्याआधी एवढंच विचारा: सकाळी पापणी कशी असते?